दुतोंडी वायर

१

शिकाऊ माणूस गाडी चालवत नाही, बंद पाडतो. हे मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या कानावर घालते, म्हणजे नंतर तोंड पाडून बसायला नको. क्लच पटकन सुटतो, गाडी गचका खाते आणि बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा गचका, पुन्हा बंद. सकाळपासून चार-पाच जणांनी असा छळ केला की संध्याकाळी घरी आणेपर्यंत गाडीची बॅटरी अगदी मेटाकुटीला येते. मग ती रोज चार्ज करावी लागते.

माझ्या बाजूला दुसरा ब्रेक आहे आणि तो मी सढळ पायाने वापरते. शिकणारे सगळे पाठीमागे मला ब्रेकमॅडम म्हणतात. म्हणेनात का! माझ्या हाताखालच्या एकानेही आजवर कुणाला धडक दिलेली नाही.

आता बॅटरी चार्ज करायची तर लोक बॉनेट उघडतात, चिमटे लावतात, झालं. माझ्या गाडीचं बॉनेट उघडत नाही. आतल्या खटक्यापासून कुलपापर्यंत जाणारी तार तुटली, तेव्हा नवरा होता. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणाला. तो गेला आणि बघायचं राहूनच गेलं. पुढची जाळी कापल्याशिवाय ते उघडणार नाही, आणि त्यासाठी गाडी गॅरेजात ठेवली तर माझे क्लास कोण घेणार? म्हणून मी चार्जिंग आतूनच करते, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून. या जुन्या गाडीत किल्ली काढली तरी ते सॉकेट चालूच असतं.

ही युक्ती माझ्या दिराची. तो इलेक्ट्रिशियन आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि आईसाठी जीव टाकतो. त्याने एक वायर करून दिली, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक पिन गाडीच्या सॉकेटात, दुसरी त्यानेच सासूबाईंच्या खिडकीत बसवलेल्या, इन्व्हर्टरसारख्या खोक्यात. लाइट असले की खोका गाडीला भरवतो. लाइट गेले की तोच खोका गाडीकडून घेतो आणि सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन चालू ठेवतो. सासूबाईंच्या फुफ्फुसांनी हात टेकलेत. नाकात नळी आणि उशाशी ते मशीन, एवढ्यावर त्या आहेत. मशीनची स्वतःची बॅटरी जुनी, जेमतेम घटकाभर टिकते. थोडक्यात, लाइट गेले की सासूबाईंचा श्वास माझ्या गाडीवर.

"वहिनी, एक लक्षात ठेवा," दीर म्हणाला होता. "वायर लावलेली असताना किल्ली फिरवायची नाही. इंजिन चालू झालं तर खोक्याला झेपणार नाही. जळेल."

"मी गाडी शिकवते, भाऊजी. मला किल्ली शिकवू नका."

खोक्यावर काट्याचं मीटर आहे. सासूबाईंच्या खोलीची खिडकी शेडमध्येच उघडते, आणि गाडी त्या खिडकीखाली भिंतीला नाक लावून उभी असते. मला सीटवरून दिसावं म्हणून दिराने मीटरचं तोंड गाडीकडे केलं. काटा मधोमध, म्हणजे काही नाही. उजवीकडे, म्हणजे घरातून गाडीत. डावीकडे, म्हणजे गाडीतून घरात. पहिलीतलं पोरही सांगेल.

२

एका संध्याकाळी वायर लावून मी सीटवरच बसून राहिले. पायांचे तुकडे पडले होते. एरवी काटा उजवीकडे जातो आणि तिथेच राहतो. त्या दिवशी तो उजवीकडे गेला, थोडा मागे आला, पुन्हा गेला. अगदी सावकाश. मी मीटरवर टिचकी मारायला हात लांबवला, पण काच मध्ये होती.

"आई, मशीन नीट चालतंय ना?" मी खिडकी खाली करून विचारलं.

"मशीन चालतंय. मी पण चालतेय. चहा कधी चालू होणार तेवढं सांग," आतून उत्तर आलं.

मी दिराला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "अहो वहिनी, ते मशीन सारखी हवा सोडत नाही. आई श्वास आत घेते तेव्हाच सोडतं. प्रत्येक श्वासाला जरा जास्त खेचतं, म्हणून काटा हलतो. तुम्हाला आईचा श्वास दिसतोय."

हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्या दोघींचं प्रेम काही उतू जात नाही. त्या मला 'ड्रायव्हर' म्हणतात, मी त्यांना 'कंडक्टर' म्हणते, आणि शेजारपाजारच्यांना वाटतं आमचं पटत नाही. पण नवरा गेल्यावर या घरात मला परत यावंसं वाटतं, ते त्यांच्या बोलण्यासाठीच. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सीटवर बसून तो काटा बघायला लागले. छोटे छोटे श्वास, घाईघाईने घातलेल्या टाक्यांसारखे. बघून झाले की आत जाऊन चहा टाकायचे.

मग एका संध्याकाळी काटा वेगळा हलला. उजवीकडे लांबवर गेला. थांबला. इतका थांबला की मी पुढे वाकले. मग हळूच मागे आला. मला वाटलं, बरं झालं, म्हातारी गाढ झोपली. म्हणून काट्यावरची नजर काढून मी खिडकीतून पलंगाकडे बघितलं.

पलंग रिकामा होता. मशीन बंद होतं, नळी उशीवर गुंडाळून ठेवलेली होती. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता, आणि गळक्या नळाला सासूबाई काय काय बोलत होत्या ते मला इथवर ऐकू येत होतं.

काटा उजवीकडे गेला. थांबला. मागे आला.

शेजाऱ्यांचा पंप, मी स्वतःला सांगितलं. पंप चालू झाला की लाइट कमीजास्त होतात, हे कुणालाही माहीत आहे. मी हे मोठ्याने म्हटलं, चांगलं दोनदा.

३

माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. दुसऱ्याच्या तोंडात सुई घालताना ज्यांचा हात हलत नाही, ते स्टिअरिंग धरलं की लटलट कापतात. त्या सकाळी चढावर त्यांनी गाडी बंद पाडली. मी ब्रेक दाबून धरला आणि ते किल्ली कधी फिरवतात याची वाट बघत बसले. फिरवेचनात.

"मॅडम, मागे कुणी झोपलंय का?"

"मागे कोण झोपणार? क्लच दाबा आणि चालू करा."

"नाही, पण कुणीतरी घोरतंय." ते डॅशबोर्डवर वाकले. लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन बघायची त्यांना सवयच. हवेच्या जाळीपुढे त्यांनी हात धरला आणि झटकन मागे घेतला. "गरम आहे. आणि दमट."

एसी बंद होता. इंजिन बंद होतं. मीही कान दिला, आणि मग मला ऐकू आलं. लांब, आत ओढलेला श्वास. मग काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. आणि माझं उजवं कोपर आपोआप उचललं गेलं आणि डॉक्टरांच्या बरगडीत बसलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, श्वास घ्या."

"घेतोय, मॅडम!" डॉक्टर किंचाळले.

जाळीतून बारीक शीळ वाजली आणि सुस्कारा बाहेर पडला. काचेवर हाताएवढं धुकं उमटलं आणि विरून गेलं.

माझा नवरा असाच झोपायचा. श्वास ओढायचा आणि मध्येच थांबायचा, इतका की मला जाग यायची. मी कोपर मारायचे, म्हणायचे, अहो, श्वास घ्या. मग बारीक शीळ, मग सुस्कारा. संसारभर मी हेच करत आले. आता एक सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर जो तो तेच विचारतो. तो या गाडीत गेला नाही. हॉस्पिटलात गेला, पांढऱ्या चादरीवर, भर दुपारी, सगळे समोर असताना. गाडी तेव्हा शेडमध्ये होती. गाडीचा आणि त्याच्या जाण्याचा काडीचा संबंध नाही.

डॉक्टरांना मी सांगितलं, जुनी गाडी आहे, हवेचा पाइप फाटला असेल. ते मान डोलावत राहिले, पण उरलेला वेळ गिअर टाकून झाला की ते डावा हात मांडीखाली दाबून धरत होते. मला आठवलं, गेले कित्येक दिवस सकाळी मी पुढची काच आतून पुसत होते. बाहेर कडकडीत कोरडी हवा. मी रोज पुसत होते आणि एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं की हा ओलावा येतो कुठून. माणूस स्वतःला किती फसवतो, त्याला तोड नाही.

४

दुपारी मी गाडी थेट गॅरेजवाल्याकडे नेली. तो नवऱ्याच्या वेळचा, मला ताई म्हणतो. जाळी कापायला वेळ नाही म्हटल्यावर त्याने गाडी खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च घेऊन खाली उतरला. "खालून दिसतं सगळं," म्हणाला. "ही बॅटरी अजून टिकलीच कशी, मला त्याचंच नवल वाटतं. तुम्ही तिला काय खाऊ घालता?"

"माझी डोकेदुखी," मी म्हटलं.

तो हसला. हसता हसता थांबला. टॉर्चचा उजेड जमिनीवरून इकडे तिकडे फिरत होता, तो एका जागी स्थिर झाला. वर आला तेव्हा त्याचा उजवा हात ओला होता आणि तो फडक्याने पुसत होता, पुसून झाल्यावरही पुसत होता.

"ताई, बॅटरी कुणी काढली?"

"बॉनेट उघडत नाही, बॅटरी कोण काढणार?"

"नाहीये आत. ट्रे रिकामा आहे."

"मग काय गाडी हवेवर चालते का? बॅटरीशिवाय गाडी चालू होत नाही, हे माझ्याकडे कालपरवा आलेल्या माणसालाही कळतं."

"तेच तर." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बॅटरीच्या वायरी आहेत दोन्ही. आत गेल्यात."

"कशात?"

मी त्याच्या हातातला टॉर्च घेतला आणि खड्ड्याच्या पायरीवर पाय ठेवला, तर या माणसाने माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्याने कधी मला बोट लावलेलं नाही. "नका बघू, ताई. मी सांगतो ते ऐका. तिला चार्ज करणं तेवढं बंद करा."

मी सीटवर बसले. किल्ली फिरवली. गाडी एका दमात चालू झाली, नव्यासारखी. गॅरेजवाला तोवर पार मागच्या भिंतीपर्यंत गेला होता. त्याचा टॉर्च माझ्याकडेच राहिला. तो न्यायला तो अजून आलेला नाही.

रस्ताभर मी गाडीशी भांडले. हो, मोठ्याने. सिग्नलला बाजूचा स्कूटरवाला बघत होता, बघू दे. "तू जे काही असशील ते अस," मी म्हटलं, "पण माझ्या घरात आजारी माणूस आहे. तिच्या वाटेला गेलीस तर तुझे तुकडे करून विकीन." जाळीतून गरम हवा येत होती. मी जाळी बंद केली.

५

घरी आल्या आल्या मी दिराला फोन केला. बॅटरी, ट्रे, काही बोलले नाही. गाडी भरवशाची राहिली नाही, मशीनसाठी वेगळी बॅटरी आण, एवढंच म्हटलं. तो बाहेरगावी कामावर होता. "परवा येतो, येताना घेऊनच येतो," म्हणाला. मी वायर काढली, गुंडाळली आणि स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर टाकली.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. "का काढलीस?"

"बिघडली."

"बिघडली नाही. मला माहितीये."

मी तिकडे कानाडोळा केला. ते चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणीक मळत होते आणि घरात फार शांत वाटलं. मशीनचा आवाज नव्हता. हात तसेच घेऊन मी खोलीत गेले. नळी उशीवर. पलंग रिकामा. फळीखाली स्टूल ओढलेलं होतं, ज्या बाईला बाथरूमपर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं तिने ते ओढलं होतं.

त्या गाडीत होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर, वायर लावून, डॅशबोर्डवर गाल टेकून. ओठ निळे पडले होते. पुढची काच धुक्याने पांढरी झाली होती. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "झोपलाय तो."

मी वायर उपटून काढली. त्यांना उचललं, त्यांचं वजन उरलंच नव्हतं, आणि पलंगावर आणून नळी लावली. निळेपणा जाईपर्यंत माझे पिठाचे हात त्यांच्या पाठीवर होते. मग मला असा राग आला, असा राग आला की मला रडू फुटलं.

"अक्कल गहाण टाकलीत का? मरायचं होतं?"

"आईकडून घेतोय. घेऊ दे की." एकेका शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "माझा असा किती राहिलाय? माझ्यापेक्षा त्याला..."

"तो नाही तो!"

"माझ्या डोळ्यांत बघून सांग. तुला त्याचा श्वास ओळखू येत नाही?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "येतो," मी म्हटलं. "आणि तरी नाही. तुम्हाला खोकला झाला की तो तुमच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. तो तुमच्या नाकातली नळी काढून घेईल? आणि समजा तोच असला, तरी नाही. त्याच्यासाठी मी हवं तेवढं रडेन. तुमचा श्वास देणार नाही."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या मला कधी 'तू दुष्ट आहेस' असं म्हणाल्या नव्हत्या, भांडणातसुद्धा. त्या दिवशी म्हणाल्या. मी ऐकून घेतलं आणि त्यांच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले.

६

दुसऱ्या दिवशी, दीर येणार त्याच दुपारी, रस्त्याच्या कोपऱ्यावर दणका झाला आणि सगळ्या आळीचे लाइट गेले. मशीन आपल्या बॅटरीवर गेलं आणि पिपाणी वाजवायला लागलं. अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर नेमका भरायला दिलेला होता. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. सगळे सिग्नल बंद आहेत, रस्ते तुंबलेत, निघालोय पण वेळ लागेल, असं म्हणाले. दीरही त्याच गर्दीत अडकला होता. "वहिनी, गाडीची वायर लावा ना!" तो ओरडत होता. "ती कशासाठी केलीय?"

पिपाणी थांबली. मशीन बंद पडलं.

आई, मी म्हटलं, आई, माझ्याकडे बघा. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्या खिडकीतून गाडीकडे बघत होत्या. छाती भराभर हलत होती आणि आत काही जात नव्हतं. त्यांना त्या गाडीत घालून हॉस्पिटलला न्यावं, हे मनात आलं तसं मी झटकून टाकलं. त्या गाडीत? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. मग उरलं काय? वायर.

मी लावली. एक पिन खोक्यात, धावत शेडमध्ये, दुसरी सॉकेटात. आणि सीटवरून मीटरकडे बघितलं.

काटा उजवीकडे गेला.

घरात लाइटचा थेंब नव्हता. खोक्यात काही नव्हतं, मशीनमध्ये काही नव्हतं. त्या खोलीत गाडीला देण्यासारखं फक्त एकच उरलं होतं. काटा उजवीकडे लांबवर सरकत होता, आणि खिडकीच्या गजांमधून मला दिसत होतं, सासूबाईंचं तोंड उघडं होतं आणि त्या हसत होत्या.

"घेऊ दे," त्या म्हणाल्या. ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

काच पांढरी व्हायला लागली. जाळीतून तो श्वास येत होता, जवळून, माझ्या गालावर. तोच. तसाच गरम. मी त्याच्याशेजारी अर्धं आयुष्य झोपले होते, आणि एक क्षण, एकच क्षण, मला वाटलं की डोकं टेकावं आणि झोपावं. हे मी लपवणार नाही.

मग मी बाहीने काच पुसली आणि, खोका जळला तर जळो, आता गाडीलाच द्यायला लावायचं म्हणून किल्ली फिरवली.

खोक्यातून ठिणगी उडाली. इंजिन घरघरलं, जळका वास सुटला. मी अॅक्सिलरेटर दाबला, तळापर्यंत. शेडचा पत्रा थरथरायला लागला. "माझ्याकडे बरेच येतात," मी ओरडले, "वाटतं त्यांना, गाडी त्यांच्या हातात आहे! कुणाच्या हातात आहे, सांगू?" काटा थरथरत मध्यावर आला, पुन्हा उजवीकडे गेला. मी पाय काढला नाही. काटा मध्यावर आला. आणि मग ते बॉनेट, जे इतकी वर्षं उघडलं नव्हतं, ते बोटभर वर आलं.

कुलूप तुटलं नव्हतं. पत्राच फुगला होता. छाती भरून येते तसा वर आला आणि तिथेच थांबला. फटीतून मला आतलं दिसलं. अंधार होता, पण इंजिनाच्या जागी जसा तेलकट अंधार असतो तसा नव्हता. ओला होता. आणि त्यात बॅटरीच्या दोन वायरी, लाल आणि काळी, हलत होत्या. पुढचं मी बघितलं नाही. बघितलं असेल, तर ते माझं मला सांगता येत नाही.

श्वास थांबला होता. तो नेहमीचा, न संपणारा थांबा. इंजिनाचा आवाज एका सुरावर अडकला. खोलीत सासूबाईंची छाती थांबली होती. माझं कोपर उचललं गेलं, शपथ सांगते, आपोआप. तोंडावर शब्द आले, अहो, श्वास घ्या.

मी ते गिळले.

"अहो," मी म्हटलं, "सोडा. सोडा आता. आईचा आहे तो."

काही झालं नाही. मी पाय तसाच दाबून धरला. माझी पोटरी कापत होती. "सोडा म्हणते ना!"

शीळ वाजली. बारीक, पुढून, फटीतून. बॉनेट खाली बसलं. आणि काटा मध्य ओलांडून डावीकडे गेला, थेट टोकाला, आणि खिडकीआड मशीन खडखडून चालू झालं.

लाइट येईपर्यंत मी पाय काढला नाही. दीर आला, अॅम्ब्युलन्स आली, त्यांनी मला सीटवरून उचलून काढलं तेव्हा माझा पाय वळत नव्हता. "खोका जळायला हवा होता," दीर पुन्हा पुन्हा म्हणत होता. "वहिनी, हा जळायला हवा होता."

७

गाडी मी भंगारवाल्याला दिली, ओढून न्यायला लावली. बॉनेट न उघडता सरळ दाबायची, ही अट घातली. त्याने ती पाळली का, हे विचारायला मी गेले नाही. आता नवी गाडी आहे. तिचं बॉनेट मी रोज सकाळी उघडून बघते, आणि दातांचे डॉक्टर चढावर गाडी बंद न पाडता जायला लागलेत.

दिराने वायर कापून टाकली. सासूबाईंनी पंधरवडाभर माझ्याशी अबोला धरला. मग एक दिवस म्हणाल्या, "ड्रायव्हर, चहा," आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

आणि त्या बऱ्या होत चालल्यात. त्यांच्या फुफ्फुसांच्या डॉक्टरांना नवल वाटतंय. नळी आता फक्त चढउतार केला तर लागते, मशीन दिवसभर बंद असतं. स्टुलावर बसून भाजी चिरतात, नळाला शिव्या घालतात. मला याहून काय हवं? काही नको. मी हेच मागितलं होतं.

फक्त दुपारी त्या झोपतात तेव्हा मी खुर्ची घेऊन पलंगाशी बसते. त्यांचा श्वास मी त्या काट्यावर रोज बघितला आहे. छोटा, घाईचा, टाक्यांसारखा. आता तो लांब झालाय. आत जातो, जातच राहतो, एवढ्याशा बाईत मावणार नाही इतका. मग थांबतो. मग उशाशी असलेल्या खिडकीच्या काचेवर हळूच धुकं येतं.

मी कोपर मारत नाही. उजवा पाय पुढे करून पलंगाच्या लोखंडी दांडीवर घट्ट रोवते, आणि श्वास थांबलेला असतो तेवढ्यात, हळू आवाजात पण स्पष्ट बोलते.

"अहो, ऐकताय ना? राहायचं तर गुमान राहा. हा श्वास त्यांचा आहे, त्यांच्यापुरताच घ्यायचा. जास्त ओढलात तर मी आहे इथे. माझा पाय ब्रेकवर आहे."

थोडा वेळ काहीच होत नाही. मग बारीक शीळ वाजते, आणि सासूबाई श्वास सोडतात, चांगल्या शिकवलेल्या माणसाने क्लच सोडावा तसा, अगदी हळू.